क्रम चरित्राचा की चुलीचा? न्यूयॉर्कमधल्या डोरोथी डे पदयात्रेचा प्रकरण अभ्यास

मॅनहॅटनच्या ईस्ट व्हिलेज भागात, ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर ३६ क्रमांकाचं घर आहे. नाव सेंट जोसेफ हाउस. तिथे सकाळी भुकेल्यांसाठी सूप शिजतं, पाव वाटला जातो. तू कोण, कुठला, तुझ्यावर ही वेळ का आली, असं कुणी विचारत नाही. काही मिनिटांच्या अंतरावर, ईस्ट थर्ड स्ट्रीटवर ५५ क्रमांकाला मेरीहाउस आहे. तिथे प्रामुख्याने बेघर स्त्रिया राहतात. दोन्ही घरांत काम करणाऱ्यांना पगार नाही. ते त्याच छपराखाली राहतात, त्याच पातेल्यातलं जेवतात. डोरोथी डे यांनी १९३३ साली सुरू केलेल्या ‘कॅथलिक वर्कर’ चळवळीची ही न्यूयॉर्कमधली दोन घरं. मेरीहाउसमध्येच २९ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

डोरोथी डे यांना संत घोषित करण्याची प्रक्रिया कॅथलिक ख्रिस्तसभेत सुरू आहे. तिचा पाठपुरावा करणाऱ्या डोरोथी डे गिल्डतर्फे त्यांच्या जीवनाशी जोडलेल्या ठिकाणांच्या पदयात्रा निघतात. धर्मग्रामांचे, म्हणजे एकेका चर्चशी जोडलेल्या वस्त्यांचे, गट येतात, कॉलेजची मुलं येतात, कुणी एकटंच नकाशा घेऊन फिरतं. या लेखात अशी एक दिवसाची यात्रा प्रकरण म्हणून घेतली आहे. कुठल्या जागा घ्यायच्या, कुठून निघायचं, जिथे आता पाहण्यासारखं काही उरलेलंच नाही तिथे काय करायचं, आणि ज्या दोन घरांत आजही काम चालू आहे तिथे किती वाजता, किती जणांनी, कशासाठी जायचं. वरवर हे वेळापत्रकाचे प्रश्न वाटतात. पण त्यांच्या उत्तरांवरून ठरतं की आपण एका बाईंची आठवण जपायला निघालो आहोत की त्यांच्या कामाच्या जवळ जायला.

बाई कोण होत्या

जन्म ८ नोव्हेंबर १८९७, ब्रुकलिन. वडील क्रीडापत्रकार, घरात धर्माचं वातावरण जवळपास नाही. लहानपणी कुटुंब कॅलिफोर्नियात असताना १९०६चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला. घरदार गमावलेल्यांना शेजारीपाजारी कपडे-अन्न देताना आठ वर्षांच्या डोरोथीने पाहिले, आणि लोक नेहमीच असे का वागत नाहीत हा प्रश्न त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. नंतर शिकागो, दोन वर्षं इलिनॉय विद्यापीठ, आणि १९१६ साली न्यूयॉर्क. समाजवादी दैनिकात बातमीदारी, लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतीत भाड्याची खोली. १९१७ साली व्हाइट हाउससमोर स्त्रियांच्या मताधिकारासाठी निदर्शनं करताना अटक आणि तुरुंगात उपोषण. पुढे एक अयशस्वी प्रेम, एक गर्भपात, एक न टिकलेलं लग्न, एक कादंबरी. त्या कादंबरीच्या चित्रपट-हक्कांच्या पैशांतून स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावर घेतलेलं छोटं घर. तिथे फॉर्स्टर बॅटरहॅम यांच्याबरोबरचा संसार आणि मार्च १९२६मध्ये मुलगी तमार.

गर्भपाताचा उल्लेख पदयात्रेत टाळावा असं काही गटांना वाटू शकतं. माझं मत उलट आहे. मातृत्व आता आपल्या वाट्याला येणार नाही अशी भीती बाईंच्या मनात घर करून होती. म्हणूनच तमारच्या जन्माचा आनंद त्यांना कुणापुढे तरी हात जोडल्याशिवाय पेलवेना. तो भाग कापला तर पुढचं धर्मांतर हवेत तरंगतं.

बॅटरहॅम यांना धर्मही मान्य नव्हता आणि लग्नही. मुलीचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) १९२७च्या उन्हाळ्यात झाला. डोरोथी यांनी स्वतः २८ डिसेंबर १९२७ रोजी, स्टेटन आयलंडच्या टोकाला टॉटनव्हिल इथल्या चर्चमध्ये तो घेतला. ज्याच्यावर जीव होता त्याला सोडून त्या तिथे आल्या होत्या. त्या दिवशी आपल्याला कसलाही आनंद जाणवला नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

१९३२च्या डिसेंबरमध्ये त्या बेकारांच्या मोर्चाची बातमी करायला वॉशिंग्टनला गेल्या. मोर्चा कम्युनिस्टांनी संघटित केला होता. आपल्या नव्या धर्माचे लोक यात कुठेच का नाहीत, या विचाराने कासावीस होऊन ८ डिसेंबरला तिथल्या मरियामातेच्या तीर्थमंदिरात त्यांनी प्रार्थना केली. परत आल्या तर पीटर मॉरिन नावाचे फ्रेंच शेतकरी कुटुंबातले एक फाटके गृहस्थ भेटीला आले. त्यांच्याकडे कार्यक्रम तयार होता: चर्चेच्या बैठका, गरिबांसाठी आतिथ्यगृहं, शेतीवरच्या वसाहती आणि हे सगळं सांगणारं वृत्तपत्र. पत्रकार बाईंनी ‘कॅथलिक वर्कर’ याच नावाच्या वृत्तपत्रापासून सुरुवात केली. बाकीचं त्यातूनच उगवलं, कारण आतिथ्यगृहांबद्दल छापून आलेलं वाचून बेघर माणसं दारात येऊन उभी राहिली.

जागा उरल्याच किती

आपल्याकडे पायी यात्रा म्हटली की टोकाला काहीतरी ठाम उभं असतं, मग तो पंढरीचा विठोबा असो की वांद्र्याची मोत माउली. या यात्रेत तसं नाही. नियोजकासमोरची पहिली अडचण हीच की यादीतल्या जागांपैकी अनेक जागा शहराने गिळल्या आहेत.

ईस्ट फिफ्टीन्थ स्ट्रीटवरच्या ४३६ क्रमांकाच्या घरात, भाऊ आणि भावजयीबरोबर राहत असताना, डोरोथी यांनी वृत्तपत्राचा पहिला अंक जुळवला. पहिल्या २,५०० प्रतींच्या छपाईला ५७ डॉलर लागले. गॅस आणि विजेची बिलं थांबवून आणि कुणी एक-दोन डॉलर दिले ते धरून ही रक्कम उभी राहिली. चळवळीचं जन्मघर म्हणावं तर हेच. आज तिथे गेलं तर काय दिसतं? स्टायव्हेसंट टाउन. पहिल्या अ‍ॅव्हेन्यूच्या पूर्वेकडचा हा सगळा गरीब वस्तीचा पट्टा १९४०च्या दशकात मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या गृहप्रकल्पासाठी जमीनदोस्त झाला. हजारो कुटुंबं उठवली गेली. नव्या इमारतींत सुरुवातीला कृष्णवर्णीयांना घर नाकारलं जात होतं. ज्या टेबलावर बेघरांसाठीचा पहिला अंक तयार झाला त्याच जागेवरून लोकांना बेघर केलं गेलं.

दुसरी जागा चर्च ऑफ द नेटिव्हिटी. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरचं हे डोरोथी यांचं अखेरच्या वर्षांतलं धर्मग्रामाचं चर्च. डिसेंबर १९८०मध्ये त्यांचा अंत्यविधी इथेच झाला. साध्या लाकडाची शवपेटी नातवंडांनी खांद्यावर आणली. कार्डिनल कुक चर्चच्या दारात सामोरे आले. २०१५ साली धर्मग्रामांची पुनर्रचना झाली तेव्हा हे चर्च बंद झालं. ते राहू द्या, इथे डोरोथी यांचं स्मृतिस्थान करा, अशी लोकांनी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. जागा विकली गेली, वास्तू पाडली गेली. ज्या धर्मप्रांताने बाईंच्या संतपदाचा अर्ज रोमला पाठवला त्याच धर्मप्रांतात हे घडलं. मला ही गोष्ट आजही सलते. जुनी चर्चं चालवण्याचा खर्च, कमी झालेली माणसं, ही कारणं खोटी नाहीत, पण यात्रेच्या नियोजकाला त्या जागेसमोर उभं राहून लोकांना काहीतरी सांगावं लागतं, आणि तिथे ही कारणं तोकडी पडतात.

तिसरी जागा स्टेटन आयलंडवरची. किनाऱ्यालगत स्पॅनिश कॅम्प नावाची साध्या बंगल्यांची वसाहत होती. आयुष्याच्या उत्तरार्धात डोरोथी यांचं तिथे छोटं घर होतं. १९९७ नंतर जमीन बांधकाम व्यावसायिकाकडे गेली. त्या घराला वारसावास्तूचा दर्जा देण्याचा विचार नगर आयोगापुढे चालू असतानाच, २००१च्या सुरुवातीला, ते पाडलं गेलं.

या अशा जागा यादीतून वगळाव्यात का? सोय पाहिली तर हो. पाहायला काही नाही, चालणं वाढतं, गटातले लोक घड्याळ बघायला लागतात. पण मी तिन्ही ठेवीन. फक्त ‘इथे अमुक होतं’ एवढ्यावर सोडणार नाही. स्टायव्हेसंट टाउनसमोर त्या काळी आणि आज न्यूयॉर्कमध्ये घर कुणाला मिळतं यावर बोलायला हवं. ही जागा रिकामी का झाली हाच त्या थांब्याचा विषय.

आणि मग क्रिस्टी स्ट्रीट. माझ्या मते संपूर्ण यात्रेतला सर्वांत बोलका थांबा हाच, जरी तिथेही दाखवायला काही नाही. मॉट स्ट्रीटवरचं चळवळीचं आधीचं घर सोडावं लागल्यावर १९५०मध्ये चळवळ २२३ क्रिस्टी स्ट्रीटला आली. दुसरं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती, युद्धविरोधामुळे वृत्तपत्राचे वाचक घटले होते, तरी रांग घटली नव्हती. पुढे शहराने भुयारी रेल्वेच्या कामासाठी ती मालमत्ता सक्तीने ताब्यात घेतली. भरपाई ठरली ६८,७०० डॉलर. पैसे हातात यायला उशीर झाला म्हणून त्यावर व्याज आलं ३,५७९ डॉलर ३९ सेंट. डोरोथी यांनी १९६० साली व्याजाचा हा सगळा धनादेश शहराच्या खजिनदाराला परत पाठवला. आम्ही पैशावर पैसा कमवणं योग्य मानत नाही, सबब हे घेऊ शकत नाही, असं सविस्तर पत्र सोबत जोडलं आणि ते वृत्तपत्रातही छापलं. व्याजखोरीविरुद्धची जुनी ख्रिस्ती शिकवण त्यात समजावून सांगितली होती. हे लिहिणाऱ्या बाईंच्या दारात त्या वेळी सुपासाठी माणसं उभी होती आणि भाडं, किराणा, छपाई यांची उधारी नेहमीचीच होती.

या थांब्यावर गटाला पंधरा मिनिटं शांत बसायला द्यावीत आणि एकच प्रश्न विचारावा: तुम्ही परत केले असते का? दानशूर माणूस सगळ्यांना कळतो. मिळालेला, कायदेशीर, हक्काचा पैसा नाकारणारा माणूस कळत नाही. डोरोथी डे समजायच्या असतील तर त्या न कळण्यापाशीच थांबावं लागतं. याच वृत्तीतून त्यांनी सरकारी अनुदान घेतलं नाही, धर्मादाय संस्था म्हणून करसवलतीची नोंदणी केली नाही. १९७२ साली करखात्याने जवळपास तीन लाख डॉलरची मागणी काढली, आणि बराच गाजावाजा झाल्यावर त्याच वर्षी ती सोडूनही दिली.

सहावा अ‍ॅव्हेन्यू: गुत्ता, चर्च, तुरुंग

ग्रीनिच व्हिलेजमध्ये मात्र अगदी थोड्या पावलांत फार काही हाती लागतं. वेस्ट फोर्थ स्ट्रीट आणि सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर पूर्वी एक दारूचा गुत्ता होता. नाव गोल्डन स्वॉन, पण गिऱ्हाइकं त्याला ‘हेल होल’ म्हणत. १९१७-१८च्या हिवाळ्यात विशीतल्या डोरोथी तिथे नाटककार युजीन ओनील यांच्यासोबत रात्र रात्र बसत. देव माणसाचा पाठलाग करतो अशा आशयाची एक लांबलचक इंग्रजी कविता ओनील तोंडपाठ म्हणत. पहाटे तिथून उठून डोरोथी कधी कधी पलीकडच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसत. कामावर निघालेली मजूर माणसं, मोलकरणी पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आलेल्या असत. श्रद्धा नव्हती, प्रार्थना येत नव्हती. पण ती माणसं तिथे गुडघ्यावर का बसली आहेत हे पाहावंसं वाटत होतं.

गुत्त्याच्या जागी आज छोटी बाग आहे. १८३४च्या सुमाराला उभं राहिलेलं चर्च अजून तसंच रस्त्याकडे तोंड करून आहे. तिथून उत्तरेकडे पाच-सात मिनिटं चाललं की जेफरसन मार्केट ग्रंथालयाशेजारी आणखी एक बाग लागते. तिथे १९७०च्या दशकापर्यंत बायकांचा तुरुंग होता. १९५५ ते १९६१ या काळात अणुहल्ल्याच्या दरवर्षीच्या सरावात सगळ्या न्यूयॉर्ककरांनी भोंगा वाजताच आडोशाला जायचं असा नियम होता. अणुबॉम्बपासून आडोशाने बचाव होतो हे सांगणंच खोटं आहे आणि त्या खोट्यात आपण सामील होणार नाही, असं म्हणून डोरोथी आणि त्यांचे साथी १५ जून १९५५ रोजी सिटी हॉल पार्कमध्ये बाकांवर बसून राहिले. अटक झाली. नंतरच्या वर्षांतही झाली, आणि १९५७ साली त्यांनी याच व्हिलेजमधल्या तुरुंगात तीस दिवसांची शिक्षा भोगली. सुरुवातीला पार्कात मूठभर माणसं होती. १९६१पर्यंत ती शेकड्यांच्या पुढे गेली आणि त्यानंतर सक्तीचा सराव पुन्हा झाला नाही.

मराठी वाचकाला हा मार्ग ओळखीचा वाटेल, आणि तो योगायोग नाही. कायदा उघडपणे मोडायचा, शिक्षा आनंदाने भोगायची, समोरच्याचा द्वेष करायचा नाही, ही शिस्त डोरोथी यांनी ख्रिस्ताच्या डोंगरावरच्या प्रवचनातून घेतली तशी गांधीजींकडूनही घेतली. १९४८ साली गांधीजींची हत्या झाली तेव्हा त्यांच्या वृत्तपत्राने शोकलेख छापला होता. पुढे १९७० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्या भारतात आल्या आणि कोलकात्यात मदर तेरेसांना भेटल्या, त्यांच्या नवशिक्या सिस्टर्सशी बोलल्या. मदर तेरेसाही नंतर न्यूयॉर्कला मेरीहाउसमध्ये त्यांना भेटायला गेल्या. दोघींत फरक मोठा होता. एकीने गरिबांची सेवा केली आणि गरिबीच्या राजकीय कारणांबद्दल सहसा बोलल्या नाहीत. दुसरीने सेवा करता करता ती कारणं दर महिन्याला छापली. पदयात्रेत हा फरक झाकू नये. डोरोथी यांना नुसत्या करुणेच्या चौकटीत बसवलं की त्या निरुपद्रवी होतात.

युनियन स्क्वेअर

१ मे १९३३. चौक कामगारांनी, कम्युनिस्टांनी, लाल झेंड्यांनी भरलेला. तीन तरुणांना घेऊन डोरोथी वृत्तपत्र विकायला उभ्या राहिल्या, किंमत एक सेंट. धर्माचं नाव असलेलं पत्र कामगारदिनी विकता म्हणून चेष्टा झाली आणि त्यांतले दोन तरुण कंटाळून निघून गेले. पहिलं संपादकीय उद्यानाच्या बाकांवर ऊन खात बसलेल्या आणि निवाऱ्यात अंग चोरून बसलेल्या बेकार माणसांना उद्देशून होतं. काही वर्षांतच खप लाखाच्या पुढे गेला. किंमत आजही एक सेंट आहे.

याच चौकात ६ नोव्हेंबर १९६५ रोजी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात पाच तरुणांनी लष्करभरतीची कार्डं जाळली तेव्हा डोरोथी व्यासपीठावरून बोलल्या. विरोधक ओरडत होते की कार्डं कसली जाळता, स्वतःला जाळून घ्या. तीन दिवसांनी चळवळीशी जोडलेल्या एका तरुणाने संयुक्त राष्ट्रसंघासमोर खरोखर स्वतःला पेटवून घेतलं आणि तो गेला. अहिंसेच्या घरातून हे कसं घडलं, या प्रश्नाने सगळेच हादरले. युनियन स्क्वेअरला बाजाराची गर्दी, गिटारवाले, बुद्धिबळवाले असतात. गटप्रमुखाला आवाज चढवावा लागतो. तरीही इथे १९३३ आणि १९६५ दोन्ही सांगायलाच हवीत. फक्त पहिली सांगितली की चळवळ गोड होते.

निर्णय

आता मुख्य प्रश्न. या सगळ्या जागांचा क्रम काय?

चरित्राप्रमाणे जायचं तर व्हिलेजमधल्या गुत्त्यापासून निघावं, तिथून तुरुंगाची बाग, मग युनियन स्क्वेअर, ईस्ट फिफ्टीन्थ, पुढे दक्षिणेला वळून मॉट स्ट्रीट, क्रिस्टी स्ट्रीट, आणि शेवटी ईस्ट फर्स्ट व ईस्ट थर्डची घरं. मरणाच्या जागी यात्रा संपते. गोष्ट सांगायला हा क्रम उत्तम. भटकंतीच्या पुस्तिकेत असाच छापला जाईल.

या क्रमात एक घोळ आहे. सेंट जोसेफ हाउसची सुपाची रांग सकाळची. चरित्राच्या क्रमाने गेलेला गट दुपारी उशिरा तिथे पोचतो. तोवर पातेली घासून उपडी झालेली असतात, ज्यांच्यासाठी हे घर आहे ती माणसं निघून गेलेली असतात आणि सकाळपासून राबलेली माणसं जरा पाठ टेकत असतात. त्यांना उठून पाहुण्यांना घर दाखवावं लागतं. जे घर बेघरांच्या आतिथ्यासाठी काढलं तिथे घर असलेले लोक आतिथ्य घेऊन जातात, आणि घरावर भार टाकून जातात.

म्हणून माझा निर्णय चुलीच्या क्रमाचा. दिवस सकाळी ईस्ट फर्स्टवर सुरू व्हावा, तोही आधी विचारून, तीन-चार जणांनी, आणि काम करायला. कांदे चिरायचे, पाव कापायचा, वाट्या विसळायच्या, सांगितलं तर वाढायचं. रांगेतल्या माणसाचा फोटो कुठल्याही सबबीवर नाही. गट मोठा असेल तर बाकीच्यांनी तेवढ्या वेळात चर्च ऑफ द नेटिव्हिटीच्या जागेपाशी थांबावं आणि मग क्रिस्टी स्ट्रीटकडे निघावं. दोन्ही जवळच आहेत. नंतर सगळ्यांनी मिळून व्हिलेज, युनियन स्क्वेअर, ईस्ट फिफ्टीन्थ करावं. दक्षिणेचा टप्पा, म्हणजे मॉट स्ट्रीट, सिटी हॉल पार्क आणि व्हाइटहॉलचा स्टेटन आयलंडच्या बोटीचा धक्का, दुपारनंतर. एकूण चालणं आठ-दहा किलोमीटरचं होतं. म्हाताऱ्या माणसांना थकवेल, पण बस आणि भुयारी रेल्वे हाताशी असतात.

या क्रमाने गोष्ट उलटसुलट होते हे खरं. ऐकणाऱ्याला ईस्ट फर्स्टचं १९६८चं घर आधी कळतं आणि १९१७चा गुत्ता नंतर. पण सकाळी ज्याने सूप ढवळलं आहे त्याला दुपारी युनियन स्क्वेअरला पहिल्या संपादकीयाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. बाकावर बसलेला बेकार माणूस त्याने दोन तासांपूर्वी पाहिलेला असतो.

मेरीहाउसला मी या यात्रेत जवळजवळ ठेवणार नाही. ती वास्तू पूर्वी संगीतशाळा होती. डोरोथी यांची खोली तिथे होती, हे सगळं खरं. पण आज ते काही स्त्रियांचं राहतं घर आहे. कुणाच्या घरात कुणाचं तरी निधन झालं होतं म्हणून रोज अनोळखी माणसं जिना चढू लागली तर त्या घराचं घरपण जातं. रस्त्यावरून एक प्रार्थना म्हणावी आणि पुढे जावं. चळवळीच्या शुक्रवारच्या संध्याकाळच्या सभांची परंपरा फार जुनी आहे. ज्याला आत यायचं आहे त्याने तशा सभेला श्रोता म्हणून यावं. मॉरिन यांच्या चर्चेच्या बैठकांचा तो थेट वारसा आहे.

स्टेटन आयलंड वेगळ्या दिवसाचं काम. बोट फुकट आहे. २०२३पासून त्या मार्गावर धावणाऱ्या एका मोठ्या बोटीचं नावच डोरोथी डे आहे. पलीकडे उतरून रेल्वेने स्पॅनिश कॅम्पची जागा, टॉटनव्हिलचं स्नानसंस्काराचं चर्च आणि मग रिझरेक्शन दफनभूमी. थडग्याच्या दगडावर नाव, दोन तारखा, भाकरी-मासळीची आकृती आणि ‘देवाचे आभार’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द. एवढंच.

पुढे गर्दी वाढली तर

कार्डिनल ओकॉनर यांच्या प्रयत्नाने २००० साली डोरोथी यांना ‘देवाची सेविका’ ही पहिली पायरी मिळाली. २०१२मध्ये अमेरिकेच्या महागुरुस्वामींनी (बिशपांनी) प्रक्रियेला पाठिंबा दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली अमेरिकेच्या काँग्रेससमोर लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि संन्यासी-लेखक थॉमस मर्टन यांच्यासोबत त्यांचं नाव घेतलं. ८ डिसेंबर २०२१ रोजी न्यूयॉर्क धर्मप्रांताच्या पातळीवरची चौकशी संपून हजारो पानांचे कागद रोमला गेले. ज्या महाधर्मप्रांताने १९५१ साली वृत्तपत्राच्या नावातून ‘कॅथलिक’ काढा असं सुचवलं होतं, आणि ज्याच्या कार्डिनलविरुद्ध १९४९च्या दफनभूमी कामगारांच्या संपात डोरोथी मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, त्याच महाधर्मप्रांताने.

चळवळीतल्या काहींना ही प्रक्रिया पसंत नाही. तिच्यावरचा पैसा गरिबांना द्यावा, असं ते म्हणतात. मला संत म्हणून सोपेपणाने निकालात काढू नका, अशा अर्थाचं वाक्य बाईंच्या नावावर वारंवार सांगितलं जातं. मी स्वतः संतपदाच्या बाजूने आहे. व्याज परत करणारी, तुरुंगात जाणारी, गर्भपाताच्या जखमेसकट जगलेली बाई वेदीवर असावी, म्हणजे आपल्या मुलींना तिचं नाव ठेवता येईल. पण आक्षेप घेणाऱ्यांची भीती मी बाजूला सारत नाही, कारण ती नेमकी ईस्ट फर्स्टच्या दारात खरी ठरू शकते.

संतपद मिळालं तर बसगाड्या भरून लोक येतील. सूपघराची खोली लहान आहे, तिची रांग फुटपाथवर असते. तेव्हा आतापासूनच ठरवायला हवं की गर्दी कुठे न्यायची. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये शेकडो माणसं बसू शकतात. युनियन स्क्वेअर हजारो माणसं सहज घेतो. बोट, टॉटनव्हिल आणि दफनभूमी हे मोठ्या गटांचे थांबे. तिथे मिस्सा व्हावा, जपमाळ व्हावी, चरित्र सांगावं, मेणबत्त्या लावाव्यात. ईस्ट फर्स्टचं दार यात्रेच्या छापील नकाशावर नसावं. तिथला पत्ता हवा असणाऱ्याने आधी पत्र लिहावं, कोणता वार आणि किती हात हवेत ते विचारावं, आणि उत्तरात आत्ता माणसं पुरेशी आहेत असं आलं तर आपल्या गावातल्या एखाद्या अन्नछत्रात जाऊन तोच दिवस द्यावा.